ऐन-लौजचं पाऊल

अबू रिब्ही माझ्या माहितीत आयुष्यात दोनदाच खोटं बोलले आणि दोन्ही वेळा माझ्यामुळे. त्यामुळे त्यांची हकीकत सांगायची तर ती मलाच सांगायला हवी. दुसरं कोणी सांगेल तर माझी बाजू सांभाळून घेईल.

त्यांचं नाव फय्याद. थोरला मुलगा रिब्ही, म्हणून सगळ्या छावणीला ते अबू रिब्ही, रिब्हीचे बाबा. सूर शहराच्या बाहेर, संत्र्यांच्या बागा संपतात तिथे आमची निर्वासितांची छावणी आहे. तिथल्या मुलींच्या शाळेच्या भिंतीला टेकून त्यांचं जोडे दुरुस्त करायचं दुकान होतं. वरचा पत्रा इतका खाली की आत उभं राहता येत नसे. सकाळी बसले की दुपारच्या नमाजालाच उठायचे. तोंडात खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलणं बेताचं. त्यांची बायको, उम्म रिब्ही, म्हणायची, "या माणसाशी भांडायचं म्हणजे आधी त्याच्या तोंडातले खिळे काढायची वाट बघा. तोवर माझा राग निवतो."

साल चौऱ्याण्णव. मी बावीस वर्षांची होते आणि छावणीच्या सांस्कृतिक केंद्रातलं मुलामुलींचं दब्केचं पथक नुकतंच माझ्याकडे आलं होतं. हातात हात गुंफून, रांग धरून, जमिनीवर पाय वाजवत नाचायचं ते दब्के. लग्नात ते सगळेच नाचतात, पण मला नुसतं लग्नातलं नको होतं. आमच्या छावणीतल्या गल्ल्यांना आमच्या अठ्ठेचाळीस साली सुटलेल्या गावांचीच नावं आहेत, आणि प्रत्येक गावाची नाचायची तऱ्हा थोडी वेगळी. मी वही घेऊन गल्लोगल्ली फिरले, म्हाताऱ्यांना उठवून नाचायला लावलं, एकेका गावाचं पाऊल उतरवून घेतलं. मुलं आपापल्या गावाचं पाऊल शिकू लागली तशी त्यांची छाती फुगायला लागली. आजवर पाहिलंही नाही असं गाव, पण पायात आलं.

फक्त ऐन-लौज कोरं राहिलं. लौज म्हणजे बदाम. त्या गावची अकरा घरं आमच्या छावणीत, आणि त्यातलं शेवटचं जाणतं माणूस दोन वर्षांपूर्वीच गेलेलं. अबू रिब्हींची धाकटी मुलगी नुहा पथकात होती, बारा वर्षांची. एक दिवस तालमीत सगळ्यांनी आपापलं पाऊल करून दाखवलं आणि नुहा भिंतीपाशी उभी राहिली. एका मुलानं टोमणा मारला, "ऐन-लौजवाले बदाम फोडण्यातच गुंतलेले! त्यांना नाचायला वेळ कुठला?" सगळे हसले. नुहा रडत घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात.

"काका, तुमचा जन्म गावातलाच ना?"

त्यांनी होकाराची मान हलवली. तोंडात खिळे होते.

"मग पाऊल आठवत असेल की."

खिळे त्यांनी तळहातावर काढून ठेवले. "आम्ही निघालो तेव्हा चार वर्षांचा होतो गं मी."

"चार वर्षांचं पोर पुष्कळ बघतं. आठवून बघा."

"लग्नाची धूळ आठवते. आणि कोणाचे तरी खांदे. मी वर बसलो होतो."

मी दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वही उघडून त्यांच्या पुढ्यातच धरली. "बघा, सगळी गावं भरली. तुम्ही सांगितलं नाहीत तर तुमच्या गावाचं पान असंच राहील. नुहाला मी काय सांगू? तिच्या बापालाच ठाऊक नाही म्हणून?"

ते टाचेवर हातोडी मारत राहिले. मग उठले, वाकून बाहेर आले आणि गल्लीत उभे राहिले.

"तीनदा आपटायचं," ते म्हणाले. "मग पाय वर धरून थांबायचं. मग वळायचं."

"थांबायचं कशासाठी?"

"मागून येणाऱ्यासाठी."

 मी तिथेच भिंतीला वही टेकवून लिहून घेतलं. त्यांनी दोनदा करून दाखवलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, भर गल्लीत नाचायला लाजताहेत. खरं सांगायचं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण पान भरलं होतं.

ते पाऊल पहिल्याच कार्यक्रमात गाजलं. चोवीस पोरंपोरी तीनदा पाय आपटायची आणि चौथ्याला चोवीस पाय हवेत. ढोल बंद, पावा बंद. खाली बसलेल्या बायका तोंडावर ओढणी धरून रडायच्या. मागून येणाऱ्यासाठी! दुसऱ्या वर्षी शेजारच्या छावण्यांनी ते उचललं. मग लग्नांत आलं. नुहा लग्न होऊन डेन्मार्कला गेली, तिथून तिनं आपल्या मुलाची चित्रफीत पाठवली, चार वर्षांचं पोर बर्फात बूट आपटतंय आणि एक पाय वर धरून डुगडुगतंय. उम्म रिब्हीनं ती सगळ्या गल्लीला दाखवली. अबू रिब्हींनी एकदा पाहिली, "छान" म्हणाले आणि फोन पालथा ठेवला.

लग्नात त्या पावलाचं गाणं लागलं की ते उठून बाहेर जात.  पथकाचे सगळे बूट ते दुरुस्त करून देत आणि पैसे पुढे केले की मागे सारत. आम्ही म्हणायचो, काय मोठ्या मनाचा माणूस. केंद्रानं एकदा त्यांचा सत्कार ठरवला तर त्या दिवशी पांघरूण घेऊन पडले. "याला तापबीप नाही," उम्म रिब्ही दारात मला म्हणाली. "डोकं फिरलंय. मान देताहेत तर तोंड लपवतो."

दोन हजार तेरा साली सीरियातून आमची माणसं येऊ लागली. दमास्कसच्या छावणीतून पळालेली, एकेका खोलीत आठ आठ. त्यांत हाज्जा जरीफा होती. ऐंशीची, हज करून आलेली, गुडघे गेलेले, पण कान आणि जीभ शाबूत. ऐन-लौजची. गाव सुटलं तेव्हा पंधरा वर्षांची होती.

मी धावतच दुकानात गेले. "काका, तुमच्या गावची हाज्जा आलीय! पंधरा वर्षांची होती तेव्हा. सगळं आठवत असणार!"

त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली. मग म्हणाले, "जायलाच हवं." घरी जाऊन धुतलेला सदरा घालून आले, आणि आम्ही दोघं गेलो.

हाज्जा गादीवर बसली होती. तिच्या पुतण्याच्या बायकोनं मरमियाची सुवासिक पानं घातलेला चहा आणला. हाज्जानं डोळे बारीक केले.

"तू कोणाचा रे?"

"सलीमचा. फय्याद."

"लंगड्या सलीमचा?"

"हो," ते खाली मान घालून म्हणाले.

"अरे माझ्या राजा! कडेवर घेतलंय मी तुला. भारी चावरं पोर होतंस. इथे, दंडाला चावला होतास!"

सगळे हसले. मला घाई झाली होती. "आजी, शुक्रवारी आमच्या मुलांचा कार्यक्रम आहे. आम्ही तुम्हाला खुर्चीत बसवून नेणार. आधी हे बघा." फोनवर मी पाऊल लावलं. तीन आपट, पाय हवेत, वळण. हाज्जानं फोन नाकाशी धरून शेवटपर्यंत पाहिलं.

"छान नाचतात गं पोरं," ती म्हणाली. "कुठल्या गावचं हे?"

मला वाटलं, तिला नीट दिसलं नाही. "आपलंच, आजी. ऐन-लौजचं."

"छे! आमचे पुरुष कुठे पाय आपटायचे? हे आणखी कुठलं तरी आहे."

मी तोंड उघडायच्या आत अबू रिब्ही बोलले. आवाज साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. "मी बनवलं, हाज्जा. मला काही आठवत नव्हतं. पोरगी रडत होती, म्हणून बनवलं."

 हाज्जा त्यांच्याकडे बघत राहिली, पण रागावून नाही, चकित होऊन.

"आठवत नव्हतं? अरे, आमच्या गावाचं पाऊल म्हणजे तुझ्या बापाचं पाऊल!"

मग तिनं सांगितलं. सलीम गावातला सगळ्यांत चांगला नाचणारा, रांगेच्या टोकाला तोच असायचा आणि गाणंही तोच उचलायचा. फय्यादच्या जन्माआधी तेलाच्या घाण्याचा दगड त्याच्या उजव्या पायावर पडला. पाय वाचला, पण उचलला जाईना. एक हंगाम तो कुठल्या लग्नाला गेलाच नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या मामाच्या लग्नात पुरुषांनी त्याला घरातून ओढून आणलं आणि रांगेच्या टोकाला उभं केलं. तो उजवा पाय जमिनीवर घासत नाचू लागला, तर शेजारच्यानंही घासला. मग त्याच्या शेजारच्यानं. होता होता अख्खी रांग.

"त्यानंतर तसंच राहिलं," हाज्जा म्हणाली. "आमच्यानंतरच्या पोरांना तर वाटायचं, जगात सगळे असंच नाचतात."

तिला उभं राहता येत नव्हतं. तिनं चहाचं ताट पुढे ओढलं, पालथं घातलं आणि त्यावर तळहातांनी दाखवलं. डावा हात थाप, डावा हात थाप, उजवा हात सर्र घासत पुढे. आठ मात्रा झाल्या आणि तिला दम लागला. "पुढे गाणं आहे. गाण्याशिवाय येत नाही. उद्या ये गं पोरी."

परत येताना अबू रिब्ही हळू चालत होते. पाण्याच्या टाकीपाशी थांबले.

"मी लहान असताना रेशनच्या पिठाच्या रांगेला बाबा मला घेऊन जायचा," ते म्हणाले. "मी दहा पावलं पुढे चालायचो. लंगड्याचं पोर म्हणून कोणी ओळखू नये म्हणून. त्यानं कधी मला मागून हाक मारली नाही. मी अकरा वर्षांचा असताना तो गेला." ते टाकीकडे बघून बोलत होते. "आणि आता हे. गावानं त्याच्यासाठी आपलं पाऊल बदललं, आणि मी त्यावर माझं ठोकून बसवलं."

"काका, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"माहीत नाही हे तरी माहीत होतं ना? तेवढं सांगायचं होतं." मग म्हणाले, "शुक्रवारी मुलांना सांगतो. कार्यक्रमाआधी."

आणि मी म्हणाले, "शुक्रवारी नको."

तीन छावण्यांतून पाहुणे यायचे होते. फलकावर हवेतल्या पायाचं चित्र होतं. लमीस नावाची माझ्या पथकातली सगळ्यांत चांगली मुलगी, तिचे आजोबा ऐन-लौजचे, ती थांबलेल्या पायावर भाषण करणार होती, महिनाभर पाठ करत होती. मी हे सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "एकोणीस वर्षं थांबलात, आणखी आठ दिवस थांबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

शुक्रवार झाला. टाळ्या पडल्या. हाज्जाला थंडीचं नेता आलं नाही, आणि मला, देवा माफ कर, बरंच वाटलं. मग मुलांच्या परीक्षा आल्या. मग सैदाहून पथकाला कार्यक्रमाचं बोलावणं आलं. हाज्जानं पुतण्याच्या बायकोबरोबर दोनदा निरोप पाठवला, गाणं आठवलंय, त्या पोरीला म्हणावं ये. मी उद्या उद्या करत राहिले. खरं म्हणजे मला ते पाऊल नकोच होतं. मी ते शिकले असते तर शिकवावं लागलं असतं, आणि शिकवलं असतं तर सांगावं लागलं असतं.

अबू रिब्ही मात्र रोज संध्याकाळी हाज्जाकडे जायचे, कधी दोन संत्री घेऊन, कधी पाव. ते तिला बापाबद्दल विचारायचे. तो काय खायचा, हसायचा कसा, रागावला की काय म्हणायचा. पावलाचं एकदाही विचारलं नाही. पुढे मी कारण विचारलं तर म्हणाले, "तू थांबायला सांगितलं होतंस. म्हटलं, तू आलीस की बरोबरच शिकू."

जानेवारीत वादळी थंडी पडली. हाज्जाच्या छातीत कफ भरला. तीन दिवसांत ती गेली.

दुखवट्याचे तीन दिवस झाले आणि चौथ्या दिवशी दुपारी अबू रिब्ही तालमीला आले, कामाचं कातडी फडकं कमरेला तसंच. मला न विचारता त्यांनी लावलेलं संगीत बंद केलं. तीसेक मुलं थबकली.

"ऐन-लौजचं म्हणून तुम्ही जे नाचता ते ऐन-लौजचं नाही," ते म्हणाले. "ते मी इथे, या शाळेमागच्या गल्लीत बनवलं. तुमच्याशी, तुमच्या आईबापांशी खोटं बोललो. खरं पाऊल माझ्या बापाचं होतं. मला त्यातलं थोडंच येतं."

कोणीतरी हसलं, थट्टा आहे असं वाटून. मग कोणी हसलं नाही. लमीस पुढे आली. सतरा वर्षांची, ताठ मानेची.

"मग मी सगळ्यांसमोर काय बोलले, काका? तीनशे माणसांसमोर?"

"खोटं बोललीस, बेटी. माझं खोटं."

तिनं माझ्याकडे बोट केलं. "मिसना माहीत होतं?"

अबू रिब्हींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही," ते म्हणाले. "तिला आत्ताच कळतंय, तुमच्याबरोबर."

मी टेबलापाशी उभी होते. एक शब्द बोलायचा होता. तो मी बोलले नाही. लमीस ओढणी उचलून निघून गेली आणि मी बाकीच्यांना म्हटलं, आज तालीम नाही.

दोन महिन्यांनी लमीस परत आली. केंद्रात नाही, दुकानात. "तो लंगडा पाय शिकवा," म्हणाली. अबू रिब्हींना तळहातांवरच्या आठ मात्रा तेवढ्या येत होत्या. हातांच्या थापेवरून अंगाचं वळण कसं काढायचं, गुडघा कुठे वाकवायचा, खांदा कुठे, हे दोघांनी चाचपडत जुळवलं. आठ मात्रांपुढे काही नव्हतं, म्हणून त्याच आठ पुन्हा. पथकातल्या पोरांना ते मुळीच आवडलं नाही. "हे काय, मिस? अंगण झाडल्यासारखं!" एकजण म्हणाला. सगळ्यांत आधी अबू रिब्हीच हसले. "झाड बाबा," म्हणाले, "पण उजव्या पायानं झाड."

लग्नांत अजून आपटायचंच पाऊल नाचतात. ते म्हणाले, नाचू दे, फक्त त्याला माझं नाव लावा, गावाचं नको. आता त्या पावलाचं गाणं लागलं की ते बाहेर जात नसत. पण मन निवांत झालं म्हणावं तर तेही नाही. तालमीत लमीसला मध्येच थांबवायचे, "बाबा असंच ओढत असेल का गं?" ती म्हणायची, "तुम्हीच पाहिलंय, मी कुठे?" मग ते पुन्हा थाप धरायचे. कधी कधी छावणीच्या रस्त्यावर, कोणी नाही असं बघून, स्वतःच उजवा पाय घासत चार पावलं टाकायचे आणि मान हलवायचे, जमलं नाही अशी.

दोन हजार सतरामध्ये त्यांचं हृदय बंद पडलं, दुकानात बसल्या बसल्या. नुहाला दफनाला पोचता आलं नाही. तिनं मला फोन केला. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "आई म्हणते, ते पाऊल बाबांनी बनवलेलं. तुम्हाला कधी कळलं, मिस?"

"त्यांनी सगळ्यांना सांगितलं तेव्हा," मी म्हणाले.

त्याला आता सात वर्षं होऊन गेली. पथक लमीस चालवते. मागच्या मंगळवारी तालीम सुटल्यावर मी थांबले, तिला खुर्च्या उचलायला मदत केली आणि सगळं सांगितलं. टाकीपाशी मी काय म्हणाले, हाज्जाचे दोन निरोप, त्या दिवशीचं माझं गप्प राहणं. ती खुर्च्या रचत राहिली. शेवटची खुर्ची ठेवून म्हणाली, "गाणं गेलं ना मग."

"हो."

"नुहाला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय बघता? फोन करा तिला."

मी तिच्यासमोरच फोन लावला. तिलाही सगळं सांगितलं. मागे तिच्या घरातली भांडी वाजत होती.

"मिस," ती म्हणाली, "बाबा तुमच्यावर कधी रागावले नव्हते. तुमचं नाव काढलं की चांगलंच बोलायचे."

"माहीत आहे गं," मी म्हटलं. "तेच तर."